चौदा रेघा डावीकडे

३ फेब्रुवारी

काटेबाईंना आत्याचा आशीर्वाद. रागावलेय, तरी आशीर्वाद आहेच.

काटेबाई हे तुझं नाव आजपासून कायम. जिथे सूर मोजायच्या यंत्राच्या काट्याकडे बघून पेट्यांचे सूर लावतात त्या कारखान्यात माझी सख्खी भाची आहे, असं मी इतकी वर्षं चारचौघांत हसत सांगत आले. आता हसू येत नाही.

झालं असं. सोमवारी आमच्या गायनशाळेच्या मोठ्या बाई माझ्या सूर लावायच्या मागच्या खोलीत आल्या, माझ्या हातात एक कागद दिला आणि उभ्याच राहिल्या. शाळेची जुनी पायपेटी 'समान सुरांत' लावून घ्यायची ठरलंय, आणि काम तुमच्या कारखान्याला दिलंय. मी कागद दोनदा वाचला. मग त्याच्याच पाठीवर 'नाही' असं लिहून परत केला. त्या काहीतरी बोलल्या, मी खिडकीबाहेर बघत बसले.

ही पेटी आबांनी बांधली, हे तुला सांगायला नको. तुझे आजोबा म्हणून नव्हे, कारागीर म्हणून सांगते. दोन पट्ट्या एकत्र दाबायच्या. सूर नीट जमले नसतील तर आवाजात थरथर उठते. रीडच्या पितळी जिभेवर कानस एवढीशी फिरवायची, पुन्हा दाबायचं. थरथर मंदावत जाते आणि एका जागी थांबते. थांबली की तो खरा सूर. आबांनी एकेक सूर 'सा'शी असा भिडवलाय. तुम्ही लोक काय करता? सा पासून सा पर्यंत बारा सारखे तुकडे करता आणि ती थरथर सगळ्या घरांत थोडी थोडी वाटून टाकता, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये.

आणि रीड म्हणजे काही पाटी नव्हे, पुसली आणि पुन्हा लिहिलं. टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, पण दोन्हीकडून पितळ जातं ते जातंच. पन्नास वर्षांच्या रीडा आहेत. सगळ्या पुन्हा घासल्या तर निम्म्या तुटतील.

सोबत काड्यापेटीत मधल्या सप्तकाचा गांधार पाठवतेय. आपल्या पेटीचा सा काळी तीनचा, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीवरचा, तुमच्या काळी तीनशी तंतोतंत जुळतो. तुमच्या चाचणीच्या भात्यावर दोन्ही एकत्र लाव आणि ऐक. ऐकून झालं की मग माझ्याशी बोल.

फोन करू नकोस, बिघडलाय. लिही.

आत्या


११ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार. आशीर्वाद मिळाला, रागही मिळाला. दोन्ही ठेवून घेतलेत.

हो, मला माहीत होतं. तुझ्या शाळेचं नाव कामाच्या यादीत दिसलं तेव्हा मीच फोरमनला म्हटलं की हे मला द्या. दुसऱ्या कुणाच्या हातात आबांची पेटी जाऊ नये एवढंच डोक्यात होतं. तुला आधी कळवायला हवं होतं, कळवलं नाही, कारण तू काय म्हणशील ते ठाऊक होतं. तेच म्हणालीस.

आता माझं ऐक. खरा सूर, खरा सूर म्हणतेस, तो कुणाचा खरा? काळी तीनवाल्याचा. पेटी काळी तीनला स्वच्छ आहे, कबूल. पण गाणारीने सा बदलला की तेच खरे सूर एकमेकांशी भांडतात. तुमच्या मोठ्या बाईंच्या पत्राची नक्कल आमच्याकडे आहे. शाळेत चाळीस मुली शिकतात, त्यातल्या नऊ जणींच्या गळ्याला तुझी पेटी बसते. बाकीच्या एकतीस जणी काय करतात? गळा दाबून खाली गातात, नाहीतर भिंतीला टेकून बसतात.

आमच्या पेटीत प्रत्येक घर जरासं चुकतं, हे मीही नाकारत नाही. पण सगळ्यांसाठी सारखंच चुकतं. कुणीही यावं, कुठलाही सा धरावा, पेटी त्याला हाकलत नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, आत्या. तुला ती तडजोड वाटते, तर वाटू दे.

काम मार्चअखेरीपर्यंत उरकायचं आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी येईन. रीडा जपून घासेन, तुझ्याच समोर.

भाची

ता. क. तू पाठवलेली रीड उतरली होती. जुन्या पितळेचं होतं असं. काटा मधल्या रेघेच्या डावीकडे चौदा रेघा गेला होता. टोकाला जरा घासून मध्यावर आणलीय आणि सोबत परत पाठवतेय. आता छान लागतेय.


१६ फेब्रुवारी

काटेबाई,

काड्यापेटी उघडली. रीडचं टोक बघितलं. नवं पितळ चमकत होतं.

उतरली नव्हती ती. आबांनी तिला तिथे ठेवली होती. चौदा रेघा डावीकडे हीच गांधाराची जागा आहे. ती रीड पन्नास वर्षं जागची हलली नाही, आणि तुझ्या टेबलावर गेली ती पाच मिनिटांत 'दुरुस्त' झाली. मी म्हटलं होतं ऐक. ऐकलंस का तू? खरं सांग. सा बरोबर लावलीस, की आधी कानस उचललीस?

आता ती सा बरोबर दाबली की सेकंदाला सातेक वेळा थरथरते. मुळाशी घासून परत खाली आणावी तर तिथे आधीच कागदासारखी पातळ आहे. मी नखाने दाबून पाहिली. आणखी घासली तर पहिल्यांदा जोरात वाजवतानाच तुटेल. म्हणजे गांधार गेला. परक्या माणसाने केलं असतं तर पोलिसात गेले असते.

एकतीस मुलींचं मला सांगू नकोस. मी चाळीस वर्षं त्या खोलीत आहे, मुली मला तुझ्या मोठ्या बाईंपेक्षा जास्त माहीत आहेत. ज्यांना पेटी बसत नाही त्यांना दुसरी पेटी द्या. तुमच्या कारखान्यात ढीग लागलेत ना? आहे तिच्या नरड्यावर कानस का?

आणखी एक कळवते. बाकीच्या चार सप्तकांतले गांधारही मी काढून घेतलेत. चष्म्याच्या डबीत आहेत आणि डबी माझ्या कनवटीला आहे. पेटीत आता गांधारच नाही. या, काय घासायचं ते घासा.

आत्या


२५ फेब्रुवारी

आत्या,

नाही ऐकलं. आधी कानस उचलली. माझ्या टेबलावर दिवसाला तीनशे रीडा येतात. काटा मध्ये नसला की हात आपोआप जातो. पाकिटातून काढली, चिमट्यात लावली, काटा डावीकडे गेला, आणि मला कळायच्या आत घासून झाली होती. मग मी स्वतःला सांगितलं की ती उतरलीच असेल. तुझं पत्र वाचल्यापासून जेवण जात नाही. माफी मागते. मनापासून मागते.

पण माफी त्या रीडपुरती. बाकी एक शब्द मागे घेणार नाही.

तू विसरली असशील, मी विसरले नाही. मी अकरा वर्षांची होते. सुटीत तुझ्याकडे आले होते. वार्षिक कार्यक्रमाला तू मला पुढे ढकललंस, "गा गं," म्हणालीस. माझा सा काळी चारचा, तुमच्या सा पेक्षा दोनच घरं वर. मी सा लावला आणि तुझ्या पेटीने मला पंचम दिला तो असा की जणू कुणी कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिलाय. मला वाटलं मीच चुकले. मी सूर खाली ओढला, मग वर ओढला. पहिल्या रांगेतले लोक हसले. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुझा सा चुकीच्या घरात पडलाय."

त्यानंतर मी गायले नाही. बावीस वर्षं झाली. अंघोळ करतानासुद्धा नाही.

चुकीचं घर नसतं, आत्या. माझा गळा देवाने दिला तसा होता. पेटी एकाच माणसासाठी बांधली होती आणि तुम्ही दोघं तिला खरी म्हणत होतात. मी या कारखान्यात आले ती त्याच रागाने. माझ्या हातून रोज ज्या पेट्या जातात त्यातली एकही कुठल्या मुलीला असं सगळ्यांदेखत तोंडघशी पाडणार नाही. थरथर असेल, असू दे.

मंगळवारी, चार मार्चला सकाळी येतेय. किल्ली आणि चष्म्याची डबी तयार ठेव.

आणि तुझ्या फोनचं काय गौडबंगाल आहे? तीन वेळा केला. बिघडलेला फोन इतका छान वाजतो कसा?

भाची


१ मार्च

ये. दार उघडेन असं समजू नकोस.

फोन वाजतो, बोलत नाही. विषय संपला.

कोण हसलं ते मला माहीत नाही, मी हसले नव्हते. ते वाक्य मी बोलले, हे मात्र खरं आहे. चारचौघांत बोलायला नको होतं. त्यानंतर मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तू दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने गेलीस आणि पुन्हा सुटीला आली नाहीस. आताही सांगणार नाही. रागावलेल्या माणसाला काही सांगू नये, तो त्यातूनही राग काढतो.

मोठ्या बाईंनी आणखी एक कागद पाठवला. म्हणतात, महिनाअखेरीला काम झालं नाही तर सूर लावायला शाळेला दुसरं माणूस बघावं लागेल. मी लिहिलं, बघा. चाळीस वर्षं झाली, मीही जरा बघते शाळा माझ्याशिवाय कशी वाजते ते.

आत्या


७ मार्च

आत्या,

त्या दिवशी मी घसा बसेपर्यंत ओरडले आणि त्यातलं निम्मं तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. म्हणून लिहितेय. ओरडून जे झालं नाही ते लिहून होईल.

मी शाळेच्या दाराशी वीस मिनिटं घंटा वाजवत होते. मला वाटलं हट्टाने उघडत नाहीयेस. मागच्या अंगणातून वळून खिडकीशी आले. तू पेटीसमोर बसली होतीस. पाय चालू होता, दोन बोटं पट्ट्यांवर, आणि हनुवटी पेटीच्या फळीवर टेकलेली. डोळे मिटलेले. मी हाक मारली. पुन्हा मारली. काच बडवली. तू दोन पट्ट्या सोडून दुसऱ्या दोन धरल्यास आणि पुन्हा हनुवटी टेकलीस. तू डोळे उघडलेस आणि पट्ट्यांवर माझी सावली दिसली, तेव्हा कुठे वळलीस.

मग सगळं एकदम उमजलं. फोन. 'लिही, लिही'. मोठ्या बाई बोलत असताना खिडकीबाहेर बघणं. आत्या, तुला ऐकू येत नाही. आणि तू गावभर सूर लावत फिरतेस.

मी रडत होते ते दयेने नव्हे, हे आधी स्पष्ट करते. मला फसवल्याचा राग आला होता. कारण मग दुसरी गोष्टही लक्षात आली. खऱ्या सुरात थरथर थांबते, आणि थांबलेली थरथर हनुवटीला कळते. समान सुरांत ती कुठे किती ठेवायची हे कानाने नाहीतर काट्याने ठरवावं लागतं, ते हनुवटीला जमणार नाही. म्हणजे तुला आता खरे सूरच लावता येतात. बाकी काही लावताच येत नाही. आणि त्यालाच तू तत्त्व म्हणून माझ्या तोंडावर फेकतेस, आबांचं नाव पुढे करतेस! निदान मला तरी सांगायचं होतंस की हा नोकरीचा प्रश्न आहे. मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते.

फोरमनला सांगितलं की पेटीत गांधार नाहीत, काम सुरू करता येत नाही. तो म्हणाला, नवे कापून घाल. एकतीस तारखेपर्यंत मुदत आहे.

तू बहिरी झालीयस हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

भाची


१२ मार्च

काटेबाई,

हो. बहिरी झालेय. उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला, डावा गेल्या वर्षी. आता एक मोठी गुणगुण तेवढी उरलीय, ती दिवसरात्र सोबत असते. कुणाला सांगितलं नाही कारण सांगितलं की लोक आधी हळहळतात आणि मग खुर्ची काढून घेतात. ज्याला सांगायचं त्याला सांग. मी घाबरत नाही.

पण तुझा हिशेब उलटा आहे, तो सरळ करून देते. कान गेले म्हणून मी खरा सूर धरला नाही. कान होते तेव्हा तीस-पस्तीस वर्षं हाच लावत होते, आणि हनुवटी टेकूनच. आबांनी तसंच शिकवलं. ते म्हणायचे, कान लबाड असतो, त्याला जे आवडतं ते ऐकतो, लाकूड लबाडी करत नाही. कान गेले तेव्हा मला कळलं की माझं काम गेलंच नाही. जो सूर बहिऱ्या बाईलाही तपासता येतो तो मी सोडू, आणि ज्याला वीज आणि काटा लागतो तो धरू? का म्हणून? तू माझ्या बाजूने उभी राहणार होतीस, दयेने. नको. त्यापेक्षा समोर उभी राहा, ते मला चालतं.

आता ती गोष्ट. राग ओसरला असेल असं समजून सांगते. नसला तरी सांगते.

त्या दिवशी इतकी बडबड केलीस, पण पेटीची दुसरी खुंटी ओढून बघितली नाहीस. तू काय, कुणीच बघत नाही. ती ओढली की रीडांची दुसरी फळी वाजते. आबांनी ती जागा मोकळीच ठेवली होती. तू रुसून गेलीस त्या वर्षी मी ती भरायला घेतली. पहिल्या फळीचा रिषभ धरला, त्याला सा मानलं, म्हणजे तुझी काळी चार. आणि तिथून सगळे सूर पुन्हा नव्याने लावले. तुझ्या सा शी भिडवून, एकेक. आबांच्या डब्यातलं उरलेलं पितळ वापरलं. दोन वर्षं लागली. तू म्हणतेस सगळ्यांना सारखं थोडं चुकीचं द्यावं. मी म्हणते प्रत्येकीला तिचं खरं द्यावं, वेळ लागला तर लागू दे. माझी चूक एवढीच की पत्र लिहिलं नाही. वाटलं, सुटीला येईल तेव्हा खुंटी ओढून दाखवीन. तू बावीस वर्षं आली नाहीस.

आता त्या फळीवर शाळेतल्या काळी चारच्या अकरा मुली गातात. मोठ्या बाईंच्या नऊ त्या पहिल्या खुंटीच्या. ही खुंटी त्यांनी मोजलीच नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. हा माझा माज, कबूल आहे.

त्या फळीत मधल्या सप्तकात एक घर रिकामं आहे. तुझा रिषभ. पितळ संपलं होतं. मुली तो सूर गळ्यानेच भरून काढतात.

काल तुझी ती 'दुरुस्त' केलेली रीड हातात घेऊन बसले होते. खाली यायची नाही. पण टोकाला अजून थोडं पितळ आहे, म्हणजे वर जाऊ शकते. आणि हिचं घर तेच आहे. काळी पाच. माझा गांधार आणि तुझा रिषभ दोघं एकाच पट्टीखाली राहतात, फक्त तुझा बराच चढा. तू तिला माझ्या घरातून काढलंस, पण तुझ्या घरापर्यंत नेलं नाहीस. मध्येच, काट्याखाली उभी करून ठेवलीस.

सोबत ती रीड आहे आणि त्याच फळीतला खालचा पंचम आहे. दोन्ही एकत्र लाव आणि थरथर थांबेपर्यंत चढव. काटा न बघता. मला करता येतं, पण मी करणार नाही. रिषभ तुझा आहे.

आत्या


२० मार्च

ती. आत्यास,

काट्यावर फडकं टाकलं. दोन्ही रीडा चाचणीच्या भात्यावर लावल्या, टेबलावर ओणवी झाले आणि हनुवटी टेकली. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "दाढ दुखतेय का?" फोरमन येऊन उभा राहिला. मी उठले नाही.

पहिल्यांदा काहीच कळलं नाही, नुसता भात्याचा धक्का. मग दातांत कळलं. एक बारीक थरथर, सावकाश, सेकंदाला तीनेक. टोकावर कानस फिरवली, दोन वेळा, हलक्या हाताने. दोन झाल्या. पुन्हा. एक. मग इतकी हळू की मला वाटलं थांबली, पण श्वास रोखला तर होती. शेवटचं घासताना मी कानस वापरली नाही, अंगठ्याला पॉलिशचा कागद गुंडाळला. आत्या, ती थांबली. टेबल एकदम स्वस्थ झालं. मी तीनशे रीडा रोज लावते आणि सात वर्षांत टेबल एकदाही असं स्वस्थ झालं नव्हतं.

फोरमनने फडकं उचललं. काटा उजवीकडे आठ रेघा. "चूक आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "चूक नाही, तिथेच आहे." हे वाक्य तुझं आहे, हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

मग त्याच्या डोळ्यांदेखत नवं पितळ कापलं, तुझ्यासाठी मधला गांधार केला, आणि काटा डावीकडे चौदा रेघांवर नेऊन सोडला. कामाच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'पेटी बिघडलेली नाही. जुन्या रीडा घासल्यास तुटतील. हे काम मी करणार नाही.' खाली सही केली. कालपासून मला खोकी बांधायच्या विभागात टाकलंय. खोकीही नीट बांधता आली पाहिजेत, म्हणून बांधतेय. वरच्या साहेबांकडे अर्ज दिलाय आणि त्यात एक शब्दही मऊ केलेला नाही.

मोठ्या बाईंनाही लिहिलं. नऊ नव्हे, वीस मुलींना ती पेटी बसते, दुसरी खुंटी ओढून बघा. उरलेल्या वीस जणींना आमच्या पेट्या द्या, आणि त्या चांगल्या आहेत, हे मी आजही म्हणते. माझं मत बदललंय असं समजू नकोस. ज्या मुलीचा सा कुणीच विचारला नाही तिला समान सुरांची पेटी हवीच. पण जी पेटी एका मुलीसाठी दोन वर्षं खपून लावलीय तिला हात लावायचा अधिकार कुणाच्या बापाला नाही.

तुझ्या कानांबद्दल मी लिहिलं नाही. ते तू सांग. खुर्ची काढून घेतली तर मी तिथे येऊन जमिनीवर बसेन, तूही बस.

दोन्ही रीडा आणि पंचम सोबत आहेत. तीन पुड्या केल्यात, वर नावं घातलीत.

भाची


२८ मार्च

चि. भाचीस आत्याचे आशीर्वाद. यावेळी नुसते आशीर्वाद, आणखी काही नाही.

पुड्या मिळाल्या. तुझा गांधार माझ्या घरात बसवला. पितळ नवं आहे, आवाज थोडा कोरा येतो म्हणे, एक मुलगी सांगत होती हातवारे करून. वाजून वाजून मुरेल. डबीतले चार परत जागेवर गेले.

मोठ्या बाई गुरुवारी तुझं पत्र हातात घेऊन आल्या. बोलायला लागल्या तसं मी त्यांच्यापुढे पाटी सरकवली आणि वर लिहिलं, 'मी बहिरी आहे. एक कान चार वर्षांपूर्वी गेला, दुसरा गेल्या वर्षी. या चार वर्षांत पेटीची एकही तक्रार आली असेल तर दाखवा.' मग मी त्यांचा हात धरला, पेटीच्या फळीवर ठेवला, आणि बाईंनी नमुना म्हणून आणवलेली तुमच्या कारखान्याची नवी पेटी शेजारी ओढून दुसरा हात तिच्यावर ठेवला. एका मुलीला दोन्हीवर सा-गांधार धरायला सांगितला. बाईंनी नव्या पेटीवरचा हात झटकन उचलला. मग पुन्हा ठेवला.

पेटी कायम अशीच राहील असं त्यांनी लिहून दिलेलं नाही. कारखान्याचं काम रद्द केल्याचं मात्र लिहून दिलंय, आणि माझी खुर्ची आहे तिथेच आहे. वीस मुलींसाठी तुमच्या पेट्या मागवणार आहेत. येऊ देत. त्यातल्या सात जणी काळी पाचच्या आहेत, आणि पेटीत तिसऱ्या फळीपुरती जागा निघते, मी मापून ठेवलीय. पितळ तू आण. खोक्यात घालून आण, आता बांधता येतात ना तुला.

काल दुपारी रिषभ बसवला. दुसरी खुंटी ओढली. पंचम आणि रिषभ एकत्र दाबले आणि हनुवटी टेकली. लाकूड स्वस्थ होतं. अगदी शेवटपर्यंत वाट बघितली, भाता रिकामा होईपर्यंत, तरी स्वस्थच. बावीस वर्षांनी ती फळी भरली, आणि भरली ती तुझ्या चुकीने.

आता ये. काळी चारचा सा धर आणि गा. पंचम भुंकणार नाही, ही माझी जबाबदारी. मला ऐकू येणार नाही, पण मी हनुवटी टेकून बसलेली असेन. चुकलीस तर कळेल.

आत्या